माहेरचं अमरफळ

इवानोसावाच्या देवळात मी नवरी म्हणून आले ती दोन गाठोडी आणि एक रोप घेऊन. गाठोड्यांत काय आहे ते कोणी विचारलं नाही. रोपाबद्दल मात्र सासऱ्यांनी पायरीवरच हटकलं, "हे काय?"

"अमरफळ," मी म्हटलं.

"देवळाच्या बागेत अमरफळ? कुळवाड्याच्या परसातलं झाड ते. इथे पाइन आहे, मेपल आहे, दगड आहेत, शेवाळ आहे. लोक इथे मन शांत करायला येतात, फळं तोडायला नाही."

शाळा मी जेमतेम पाहिलेली, पण तोंड देवाने पूर्ण दिलं होतं. मी म्हटलं, "मग माझी हाडं उचलायच्या काड्या कुठून आणणार तुम्ही?"

सासरे या देवळाचे गुरुजी. गावातलं प्रत्येक मरण त्यांच्या हातून गेलेलं, पण हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या माहेरी, नदीच्या खालच्या अंगाला, मुलगी सासरी जाताना अमरफळाचं रोप बरोबर नेते. ते सासरच्या जमिनीत लावायचं. बाई जिवंत असेतो त्याला कुऱ्हाड लागत नाही. बाई गेली की झाड तोडायचं, फांद्या तिच्या चितेला घालायच्या आणि राखेतून हाडं उचलायच्या काड्याही त्याच लाकडाच्या करायच्या. बाई आणि झाड बरोबरीने निघतात. जिचं झाड आधी गेलं तिला परक्या लाकडाने उचलावं लागतं, आणि परक्या काडीने उचललेलं हाड आपलं घर ओळखत नाही. पुढे माझ्या आईला मी तिच्याच झाडाच्या काड्यांनी उचललं. त्या काड्या हातात किती हलक्या लागल्या होत्या ते मला अजून आठवतं.

"हिच्या जिभेला हाड नाही," एवढंच सासरे म्हणाले आणि आत गेले. नवरा हसला. त्याने बागेच्या कडेला, उभ्या दगडाच्या मागे खड्डा खणला आणि बापाला सांगितलं, "दगडाआड आहे, कोणाला दिसायचं नाही."

झाडाला ते कोणी सांगितलं नव्हतं. ते दगडाच्या वर गेलं, मग ओसरीच्या छपराच्याही वर गेलं. शहरातून बाग बघायला येणारे लोक दगडांसमोर माना डोलवतात आणि फोटो अमरफळाचा काढून जातात.

तसं ते आळशी झाड. वसंतात चेरीचं सगळं कौतुक उरकतं, मेपलला बारीक हात फुटतात, तरी हे ढिम्म उभं. मेलं की काय म्हणून मी दर वर्षी नखाने साल खरवडून बघते. मग एका आठवड्यात तेल लावल्यासारखी चकचकीत पानं. पावसाच्या दिवसांत त्याची फुलं शेवाळावर गळतात. फुलं कसली, पिवळट टोप्या. शेवाळावर काही कुजू दिलं तर डाग पडतो, म्हणून मी गुडघ्यांवर बसून त्या वेचते. उन्हाळ्यात भर दुपारी त्याची सावली बरोबर शेवाळावर पडते, म्हणून आमचं शेवाळ हिरवं राहतं. आजूबाजूच्या देवळांचं करपतं. आणि शरदात एकेका पानावर तांबडा, पिवळा, हिरवा असे सगळे रंग एकदम, वर काळे ठिपके. पानं झडली की उघड्या काळ्या फांद्यांवर नुसती शेंदरी फळं राहतात.

फळ मात्र तुरट. तसंच चावलं तर जीभ टाळूला चिकटते. साल काढून, उकळत्या पाण्यातून बुचकळून, दोरीला बांधून वळचणीला टांगायचं. पहिला बर्फ पडेपर्यंत अंगावर पांढरी साखर येते.

"तुझ्यासारखंच आहे ते," किसा म्हणायची. "टांगून ठेवल्याशिवाय गोड होत नाही."

किसा देवळाच्या पायऱ्यांखालच्या घरातली. मी आले त्याच हिवाळ्यात तीही या गावात नवरी म्हणून आली. तिचा नवरा गेला, माझा गेला, तिची मुलं शहरात गेली. शेवाळातलं गवत उपटायला ती माझ्या शेजारी बसते आणि तोंडाने मला सोलून काढते. दुसऱ्या कोणाची ती हिंमत नाही.

या झाडाला आम्ही दर हिवाळ्यात धमकी देतो. नव्या वर्षाचा पहिला पंधरवडा संपला की तांबड्या चवळीची भातपेज शिजवायची आणि कुऱ्हाड घेऊन झाडापाशी जायचं. एकाने विचारायचं, "फळशील की नाही? नाही तर तोडीन!" दुसऱ्याने झाडामागे उभं राहून झाडाच्या वतीने म्हणायचं, "फळेन, फळेन!" मग सालीवर कुऱ्हाडीने एक हलका टवका काढून त्यावर पेज माखायची. झाड माझं, म्हणून उत्तर कायम मीच दिलं. विचारायला आधी नवरा होता. तो गेल्यावर माझा मुलगा एत्सुदो, जो आता या देवळाचा गुरुजी आहे. आणि झाडाने एकदा 'फळेन' म्हटलं की त्या वर्षात त्याला कुऱ्हाड लावायची नाही. शब्द दिला आणि घेतला. गावात हे पोरासोरांनाही ठाऊक, पोरंसोरं होती तेव्हा.

आता गावात पोरं नाहीत. घरं बंद आहेत, आणि बंद घरांच्या परसांत अमरफळाची झाडं मात्र लगडलेली. तोडायला कोणी नाही. मग डोंगरातून जे खाली येतं ते येतंच.

अशाच एका शरदात किसा सकाळी मुळे धुवायला ओढ्यावर निघाली होती. शेजारच्या बंद घराच्या झाडाखाली अस्वल बसून खात होतं. तिला ते दिसलं नाही, त्यालाही ती दिसली नाही, आणि दोघं समोरासमोर आली. तिचा एक डोळा गेला. गालापासून कपाळापर्यंत टाके पडले. बंदूकवाले आले, डोंगर तुडवून गेले, अस्वल काही सापडलं नाही.

मी तिला बघायला इस्पितळात गेले तर पांढऱ्या पट्ट्यांतून उरलेला एक डोळा माझ्याकडे बघत होता. तीच म्हणाली, "काय बघतेस? आता तरी माझं तोंड तुझ्यापेक्षा वाईट झालं, समाधान ना?"

"तुझं आधीपासून वाईटच होतं," मी म्हटलं. आणि बाहेर येऊन भिंतीला धरून उभी राहिले.

पुढच्याच आठवड्यात आमच्या झाडावर नखांचे ओरखडे दिसले. एक जाड फांदी मोडून लोंबत होती आणि शेवाळावर बियांनी भरलेली घाण पडली होती. खालची फळं एत्सुदोने बांबूने काढली होती. वरची काढायला कोण चढणार? एत्सुदो शिडीवर चढला की त्याच्याआधी शिडी थरथरते.

त्या दिवसापासून माझी सून नामिए सरपण आणायला निघाली की पातेल्याचं झाकण बडवत जायला लागली. शहरातली पोरगी. एरवी तिचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही.

"अगं, अस्वल राहू दे, तुझ्या या बडवण्याने पितर पळून जातील," मी म्हटलं.

"पितरांना नखं नसतात, आई," ती म्हणाली आणि आणखी जोरात बडवलं.

डिसेंबरात बर्फ येण्याआधी बागेतल्या पाइनला दोऱ्या बांधतात. मधोमध उंच बांबू उभा करून त्याच्या टोकापासून एकेका फांदीला दोरी ओढायची, म्हणजे बर्फाच्या भाराने फांदी मोडत नाही. गावचा प्रमुख सावागुची हे काम करतो. चांगला माणूस, पण पोटात काही राहत नाही. दोरी ताणता ताणता तो मला म्हणाला, "गुरुजींनी मोठं मन दाखवलं, आई. देवळाने आधी तोडलं की बाकीचे मुकाट्याने तोडतील. नाहीतर या गावात कोणी कोणाचं ऐकतं का?"

"काय तोडलं?"

सावागुचीच्या हातातली दोरी सुटली आणि वरची फांदी सपकन हलली. "म्हणजे... गुरुजी बोलले नाहीत तुम्हाला?"

एत्सुदो देवापुढची फुलं बदलत होता. मी पायातलं न काढताच ओसरी चढले. त्याने माझ्या पायांकडे बघितलं आणि त्याला सगळं कळलं.

"आई, आधी बस."

"मी उभी बरी आहे. झाड कोणाचं आहे?"

"तुझं आहे."

"मग शब्द कोणी दिला?"

तो हाताच्या बोटांकडे बघायला लागला. लहानपणीही असाच. चोरी पकडली की हेच. "अस्वलाला ओढणारी झाडं तोडायची म्हणून गावसभा भरली, तर सगळे एकमेकांची तोंडं बघत होते," तो शेवटी म्हणाला. "प्रत्येक जण म्हणे, माझं झाड आजोबांनी लावलं, माझं बापाने. किसामावशीचं रक्त अजून रस्त्यावर होतं, आई. कोणीतरी पहिल्यांदा म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून गेलं."

"तोंडून गेलं! तुझ्या बापाने खड्डा खणला तेव्हा तू पोटातही नव्हतास. मी मेल्यावर तोड म्हणून सांगितलं होतं ना तुला? किती दिवस राहिले असतील माझे? तेवढाही धीर नाही?"

"असं बोलू नको."

"मग मला उचलशील कशाने? बाजारातून आणलेल्या पॅकेटातल्या काड्यांनी?"

नामिए चहा घेऊन दारात आली होती. ती तशीच परत फिरली. एत्सुदो बाहेरच्या झाडाकडे बघत म्हणाला, "बर्फ वितळायच्या आत तोडायचं ठरलंय. मी शब्द दिलाय."

मी त्याला म्हटलं, "जानेवारीत विचारायचा दिवस येतोच आहे. दर वर्षी विचारतोस तसं या वर्षीही विचार. सगळ्या गावासमोर विचार. की देवळाचा गुरुजी झाडाला न विचारताच कुऱ्हाड घालणार?"

त्याचा चेहरा उतरला. मी काय केलं ते त्याला लगेच कळलं. मी 'फळेन' म्हटलं की कुऱ्हाड बांधली गेली, मग सभेचा शब्द पाण्यात. आणि विचारणं टाळावं, तर गावात आजवर कोणी टाळलेलं नाही. तो परत फुलांकडे वळला. त्या रात्री मी पोटभर जेवले.

बर्फ आला. आमच्याकडे तो येतो म्हणजे येऊन राहतोच. आधी शेवाळ झाकलं, मग तळ्याची कड, मग दगडांचे पाय. उभा दगड कमरेपर्यंत बुडला. बागेत रंग म्हणून काही राहिला नाही. पाइनच्या दोऱ्या आणि अमरफळाच्या काळ्या फांद्या, बस. टोकाला एक फळ होतं. ते पाखरांसाठी ठेवतात, झाड अगदी रिकामं करायचं नाही म्हणून. आकसून ते काळंतांबडं झालं होतं. मी ओसरीवर अंगाभोवती रजई घेऊन त्याच्याकडे बघत बसायची. गावातली माणसं वाती लावायला येत आणि माझ्याशी हवापाण्याचं बोलून जात. झाडाबद्दल चकार शब्द नाही. माझा डाव सगळ्यांना कळला होता. कोणी म्हणत असेल म्हातारी हट्टी आहे, कोणी म्हणत असेल बरोबर आहे. मला दोन्ही चाललं असतं.

विचारायच्या दिवशी सकाळी ऊन पडलं. नामिएने पहाटे उठून पेज शिजवली होती. झाडापर्यंत एत्सुदोने फावड्याने वाट केली. सावागुची आला, आणखी काही म्हातारे-म्हाताऱ्या आल्या, दर वर्षीपेक्षा जास्तच. मी माझा चांगला काळा किमोनो घातला होता. झाडामागे जाऊन उभी राहणार, तेवढ्यात पायऱ्यांवरून काठी टेकत किसा वर आली.

घरी आल्यापासून ती दाराबाहेर पडली नव्हती. डोळ्यावर पट्टी, डोक्यावर रुमाल. मी ओरडले, "मरायचंय का या निसरड्यात?"

"तुझ्याआधी नाही मरत," ती धापा टाकत म्हणाली. माझ्याजवळ आली आणि कानाशी कुजबुजली. किसाची कुजबुज म्हणजे सगळ्यांना ऐकू जाणारी. "मोठ्याने म्हण. फळेन म्हण. या सावागुचीला नीट ऐकू जाऊ दे. झाड राहिलं तर पुढच्या शरदात मी इथे डबा वाजवत बसेन, मग बघू कोण येतंय ते. एक डोळा आहे अजून. तुझ्या काड्यांसाठी पुरेल."

"बस एका बाजूला," मी म्हटलं.

एत्सुदोने कुऱ्हाड उचलली. आणि त्याच वेळी उन्हाने सैल झालेला बर्फ पाइनच्या फांदीवरून घसरला आणि धप्पकन खाली पडला.

एवढंच. हिवाळ्यात दिवसातून कितीदा होतं ते. आम्ही कोणी मान वळवूनही बघितलं नसतं.

किसा खाली बसली होती. बसली म्हणजे कोसळली होती. दोन्ही हातांनी तोंड झाकून, गुडघे पोटाशी घेऊन बर्फात गोळा झाली होती. काठी एकीकडे, रुमाल एकीकडे. तिच्या तोंडून एक आवाज येत होता, तो बाईचा आवाज नव्हता. नामिए हातातलं पातेलं ठेवून धावली आणि तिला कवेत धरलं. दोघीही थरथरत होत्या. कोण कोणाला धरून होतं ते सांगता आलं नसतं.

मग किसाने हात काढले, आजूबाजूला बघितलं आणि हसली. "पाय सरकला मेला," ती म्हणाली. "या देवळाच्या वाटा नीट झाडत नाही कोणी." सगळे हसल्यासारखे झाले. सावागुची दुसरीकडे बघायला लागला.

मी त्या बाईला ओळखते. बाळंतपणात ती ओरडली नाही. नवऱ्याला बर्फाखालून काढला तेव्हा रडली नाही. आणि ती मला सांगत होती की पुढच्या शरदात या झाडाखाली डबा वाजवत बसेन. बसलीही असती. माझ्या हाडांसाठी तिने रोज सकाळी पायऱ्या चढून तो धप्प ऐकला असता.

मी झाडामागे गेले. साल थंड होती. ओरखडे माझ्या तोंडासमोर आले, चार सरळ रेघा, आत लाकूड पिवळं. नामिएच्या डोक्याच्या उंचीवर होते ते. इतके दिवस मी ओसरीवरून बघत होते. ओसरीवरून ते लहान दिसत होते.

पलीकडून एत्सुदोचा आवाज आला. मंत्र म्हणायचा आवाज नाही, पोराचा आवाज. "फळशील की नाही? नाही तर तोडीन!"

मी कपाळ सालीला टेकलं. आणि म्हटलं, "नाही फळणार."

किसा म्हणाली, "अगं ए, काय बोलतेस?"

एत्सुदोने पुन्हा विचारलं, अगदी हळू. "फळशील की नाही?"

"नाही म्हणते ना! पुष्कळ वर्षं फळले. आता नाही फळणार."

मी झाडामागून बाहेर आले. एत्सुदोच्या हातात कुऱ्हाड होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गुरुजी माणूस, डोकं तुळतुळीत, आणि असा रडतोय. मी म्हटलं, "अरे, विचारलंस ना? उत्तर मिळालं ना? मग घाव घाल. पहिला तूच घाल. या सावागुचीची करवत नंतर लागू दे."

"आई, या वर्षी राहू दे," तो म्हणाला. "मी सभेत सांगतो. मी माघार घेतो."

"देवळाचा शब्द आहे तो. आणि आता झाडाचाही आहे."

त्याने घाव घातला. हलकाच बसला, दर वर्षी बसतो तसा. कोणाला काय करावं सुचेना. तेव्हा नामिए पातेलं घेऊन पुढे आली. फळणाऱ्या झाडालाच पेज देतात. नकार देणाऱ्या झाडाला काय द्यायचं हे कोणी कधी ठरवलेलंच नव्हतं. तिने कोणालाही न विचारता लाकडी चमच्याने गरम पेज त्या घावात भरली, आणि मग बोटांनी नखांच्या ओरखड्यांनाही माखली. एकेका रेघेला. "जेव," ती झाडाला म्हणाली. मी तिला इतकी वर्षं भित्री म्हणत होते.

दुपारी झाड पडलं. बर्फावर पडलं म्हणून फारसा आवाज झाला नाही. बुंध्याच्या पोटात काळ्या रेघा होत्या, शाई सांडल्यासारख्या. म्हातारे वाकून वाकून बघत होते. सावागुची म्हणाला, "काय सुंदर लाकूड आहे, आई!"

"बघून घ्या," मी म्हटलं. "माझ्या पोटात काय होतं ते आज सगळ्यांना दिसलं."

फांद्या एत्सुदोने देवळामागच्या पडवीत रचल्या. मढी जाळायच्या आताच्या भट्टीत लाकूड घालू देत नाहीत, गॅसवर काम होतं. त्या फांद्यांवर आम्ही पाणी तापवलं, भात शिजवला. पण बुंध्याचा एक तुकडा मी वेगळा काढून ठेवला. तो वाळल्यावर एत्सुदोने त्याच्या काड्या तासल्या. त्याला नीट तासता येत नाही. एक जाड, एक बारीक. मी म्हटलं, "चालेल. उचलताना माझी हाडं हसतील, एवढंच."

किसा शेजारी बसली होती. ती लाकडाच्या उरलेल्या ढलपीवर बोट फिरवत म्हणाली, "माझ्या माहेरी हे असलं काही नव्हतं. मी नुसती आले. माझं झाडबीड काही नाही." मग जरा वेळाने, "त्यातलाच एक जोड मलाही कर म्हणावं."

"दुसऱ्याच्या झाडाचा?"

"तुझ्या झाडाचा," ती म्हणाली. "परकं आहे का ते?"

एत्सुदोने आणखी एक जोड तासला. तो पहिल्यापेक्षा बरा झाला. किसाने तो घेतला, उजेडात धरून एका डोळ्याने बघितला आणि पदरात बांधावा तसा किमोनोच्या बाहीत घातला.

वसंत आला. देवळाचं झाड गेलं म्हणून गावातली बाकीची झाडंही एकामागून एक गेली. कोणी कुरकुर केली नाही, निदान आमच्या कानांवर आली नाही. बर्फ वितळल्यावर नखांचे ठसे एकदा वरच्या देवदारांमध्ये दिसले. खाली काही आलं नाही.

पण मी ज्याचा विचार केला नव्हता ते उन्हाळ्यात दिसलं. शेवाळाने सगळा जन्म त्या झाडाच्या सावलीत काढला होता. पावसाचे दिवस संपून ऊन तापलं तसं ते आधी पिवळं पडलं, मग तपकिरी. आणि करपलं ते बरोबर सावलीपुरतं. ओसरीवरून बघितलं तर झाडाचा पसारा जसाच्या तसा जमिनीवर पडलेला दिसायचा. वर झाड नाही आणि खाली त्याची तपकिरी सावली. ढग आले तरी ती जायची नाही, दिवस मावळला तरी हलायची नाही.

बाग बघायला आलेल्या एका बाईने विचारलं, "इथे काही जळलं का?" मी म्हटलं, "हो." तिला तेवढं पुरलं.

नामिएला ते बघवेना. ती वेताचे पडदे लावायला निघाली. मग म्हणाली, "आई, देवदारांपलीकडच्या उघड्यावरून दुसरं शेवाळ आणते. उन्हात टिकणारं असतं एक, सावागुची म्हणत होते. एका दिवसात सगळं झाकून टाकू."

"आण," मी म्हटलं. "पण एका दिवसात नको. कडेने आण. थोडं थोडं."

तेव्हापासून ती आणि किसा सकाळी टोपल्या घेऊन जातात, झाकणबिकण न बडवता. मी ओसरीवरून हुकूम सोडते, तिथे नको, इकडे लाव, दाबून बसव, पाणी घाल. किसा म्हणते, "खाली उतरून स्वतः लाव ना, महाराणी." मी उतरते. गुडघे आता लगेच वाकत नाहीत, पण वाकले की तासभर उठत नाहीत. आम्ही तिघी कडेकडेने हिरवं बसवत आत सरकतो.

शरद आला तेव्हा मेपल पेटले आणि वळचणीची दोरी रिकामी राहिली. त्या करपलेल्या सावलीच्या मध्ये आता चटईएवढा तपकिरी तुकडा उरला होता. नामिए शेवटची टोपली घेऊन आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

"एवढा राहू दे," मी म्हटलं.

तिने का म्हणून विचारलं नाही. टोपली तळ्याच्या काठाला रिकामी केली, हात धुतले आणि पेज ठेवायला आत गेली. मी तिथे, त्या तुकड्यावर, ऊन असेपर्यंत बसून राहिले.